एका 'रिमेंबर'चे किती अर्थ?

'आठवणे'ला इंग्रजीत काय म्हणतात असे विचारले की सारा वर्ग 'रिमेंबर' म्हणून ओरडतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. मी शब्दकोश घेऊन बसलो, गुरुजींनाही विचारले. जे समजले ते लिहीत आहे. आलेल्या पालकांनीही वाचावे.

आपण 'मला आठवते' म्हणतो, म्हणजे आठवण आपली आपण येते. इंग्रजीत 'आय रिमेंबर' म्हणतात, म्हणजे आठवण्याचे काम माणूसच करतो. शिवाय 'लक्षात असणे' आणि 'लक्षात ठेवणे' हेसुद्धा याच शब्दात येते. म्हणून पुढे काय आहे ते नीट बघावे लागते. 'रिमेंबर टु लॉक द डोअर' म्हणजे दाराला कुलूप लावायचे लक्षात ठेव. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. पहिल्यात कुलूप अजून लागायचे आहे, दुसऱ्यात लागून गेले आहे. एवढ्याशा 'टु'चा केवढा फरक!

आता समानार्थी शब्द. 'रिकॉल' म्हणजे परत बोलावणे. विकलेल्या गाड्यांत दोष निघाला तर कंपनी त्या परत मागवते, त्यालाही रिकॉलच म्हणतात. 'रिकलेक्ट' म्हणजे पुन्हा गोळा करणे; सांडलेले दाणे वेचावेत तसे एकेक आठवत जायचे. 'रिमाइंड'ला मात्र आठवण करून देणारे कोणी किंवा काही लागते. 'रिमाइंड मी' म्हणजे मला आठवण कर. पाठ करण्याला 'मेमराइझ' किंवा 'लर्न बाय हार्ट' म्हणतात. आपले पाठांतर तोंडात असते, त्यांचे काळजात! मला आपले तोंडपाठच बरे वाटते.

खरी अडचण पुढेच आहे. आमच्यापैकी काही जणांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, माझेही जातात. मग 'मला आईची आठवण येते' हे इंग्रजीत कसे लिहायचे? 'आय रिमेंबर माय मदर' लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल, आई फार पूर्वी पाहिलेली, आता नुसती आठवते. तसे लिहू नये. तिथे 'आय मिस माय मदर' असे लिहितात. 'मिस' म्हणजे चुकणे, हुकणे. एस.टी. मिस झाली असे आपण म्हणतोच की. जवळ असायला हवे ते नाही, हे मनाला लागणे, हाही त्याचाच अर्थ.

हे आजीला वाचून दाखवले, तर ती लगेच म्हणाली, "म्हंजी चुकल्याचुकल्यावानी वाटतंय, तेच की रं!"

शब्दकोशात हा अर्थ नव्हता. मी वहीत लिहून घेतला आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी