घेरावातला व्ही

भवानीपूरच्या मावशीकडे पावसाळ्यात गेलं की दुपारच्या चहानंतर स्क्रॅबलचा पट निघतोच. यंदा पहिल्याच हाताला माझ्या पट्टीवर सात सोंगट्या आल्या: जी, एच, ई, आर, ए, ओ, व्ही. बघताक्षणी शब्द दिसला, घेराव! आणि तोही कलकत्त्यात बसून. १९६७ साली बंगालमध्ये संयुक्त आघाडीचं सरकार आलं आणि कामगारांनी मॅनेजरांना त्यांच्याच कचेरीत कोंडून ठेवण्याचा सपाटा लावला. त्या काळात हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत इतका रुळला की पुढे इंग्रजी कोशांतही जाऊन बसला.

मी जी, एच, ई, आर, ए मांडले आणि शेवटी ऐटीत व्ही ठेवला. मावसभावाने शांतपणे आक्षेप घेतला. कोशात घेराव आहे, पण तो ओ या अक्षरावर संपतो. सोंगट्या उचलाव्या लागल्या, पाळी गेली. ओ तर माझ्या पट्टीवरच होता! मराठी कानाने शेवटी ‘व’ ऐकला आणि डोळ्यांनी निमूटपणे व्ही उचलला. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्‌स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्याला फसवायला कानच नव्हता म्हणायचा.

बरं, कान बाजूला ठेवून नुसतं शोधायचं म्हटलं तर? सातही अक्षरं वेगवेगळी असतील तर त्यांच्या दोन ते सात अक्षरी १३,६९२ जुळण्या होतात. प्रत्येक जुळणी कोशात आहे का, हे संगणक एकेक करून पाहू शकतो, पण ती निव्वळ हमाली. शहाणा मार्ग असा की आधी कोशच नव्याने लावून घ्यायचा. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने मांडायची आणि ती झाली त्या शब्दाची खूण. लिसन, सायलेंट, एन्लिस्ट आणि टिन्सेल हे कानाला एकमेकांचे कोणी लागत नाहीत. स्पेलिंग उकलून लावलं की चौघांची खूण एकच निघते: ई, आय, एल, एन, एस, टी. एका खुणेचे सगळे शब्द एका कप्प्यात टाकायचे. हे काम एकदाच करायचं. मग पट्टीवरची अक्षरं कुठल्या क्रमाने लावायची हा प्रश्नच उरत नाही. कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची, एवढंच ठरवायचं. त्याचे प्रकार अवघे १२०. माझ्या पट्टीतून व्ही वगळला की खूण होते ए, ई, जी, एच, ओ, आर, आणि तो कप्पा उघडला की आत घेराव बसलेला. मुरलेले खेळाडूही सराव करताना अक्षरं अशीच क्रमाने लावून पाहतात.

‘क्यू आणि झेड दोन्ही असलेले शब्द हवेत’ अशी मागणी असेल तर युक्ती जरा वेगळी. भिंतीवर ओळीने २६ दिवे आहेत असं समजा. शब्दात जी अक्षरं आहेत तेवढे दिवे पेटलेले, बाकीचे विझलेले. असा प्रत्येक शब्द संगणकाच्या लेखी एक आकडा होतो, आणि हवे ते दिवे पेटलेत की नाही हे तो सगळ्या ओळीवरून एकदम हात फिरवल्यासारखं तपासतो.

शोधण्याआधी मांडून ठेवायचं, ही अक्कल मूळची छापखान्यातल्या जुळाऱ्याची. इंग्रजी खिळ्यांच्या केसमध्ये ई या अक्षराचा कप्पा सर्वांत मोठा आणि हाताशी असतो. बंगालीत मात्र काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी, त्यामुळे जुळाऱ्याचा अर्धा दिवस हात लांब करण्यातच जायचा. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी मदनमोहन तर्कालंकारांबरोबर १८४७ मध्ये कलकत्त्यात संस्कृत प्रेस काढला. खिळ्यांच्या कप्प्यांची त्यांनी लावून दिलेली मांडणी ‘विद्यासागर साट’ म्हणून ओळखली जाई. आपल्याला विद्यासागर आठवतात ते विधवाविवाहाच्या कायद्यासाठी. खिळ्यांत हात घालणारा हा पंडित मला त्याहून जवळचा वाटतो. त्याआधी १८१० मध्ये विल्यम केरीचा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला गेला तो श्रीरामपूरला. नगर जिल्ह्यातल्या नव्हे, हुगळीकाठच्या.

स्क्रॅबलची पिशवी म्हणजे अशीच एक केस. आल्फ्रेड बट्‌स या बेकार झालेल्या अमेरिकन वास्तुरचनाकाराने १९३०च्या दशकात न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावरची अक्षरं मोजली आणि त्यावरून सोंगट्यांचा हिशेब बसवला. एकूण १००. त्यात ई १२ आणि क्यू एकच. एस जरी जागोजाग भेटत असला तरी त्याच्या सोंगट्या चारच, नाहीतर जो तो शब्दाला शेपूट लावून अनेकवचनं करत बसला असता.

मराठीत हा खेळ बसवायचा तर आधी अक्षर कशाला म्हणायचं ते ठरवावं लागेल. शब्दकोड्यातल्यासारखं ‘वि’ एका घरात धरलं तर ‘कविता’ उलटसुलट करून ‘विकता’ होते. कवींनी मनाला लावून घेऊ नये. पण मग सोंगट्या किती? नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर जातात, जोडाक्षरं वेगळीच. भिंतीवर दिवे लावायला जागा पुरायची नाही.

आमच्या डावात घेराव पुन्हा जमला नाही. दुसऱ्याच फेरीत मावशीने मोक्याची घरं अडवली आणि माझा ओ दुसऱ्याच शब्दात खर्ची पडला. व्ही मात्र शेवटपर्यंत हातात राहिला. स्क्रॅबलच्या इंग्रजी कोशात व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही नाही, त्यामुळे कोपऱ्याकापऱ्यात खपवायचीही सोय नव्हती. हातात उरलेल्या सोंगटीचे गुण वजा होतात. व्हीचे चार.