मोटरचे आयुष्य : युद्धोत्तर विद्युत उद्योग आणि निरोधनाचे संशोधन



या स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मला दिले, तेव्हा मी गोडादऱ्यापासून फार दूर न जाण्याचे ठरविले. या परिसरातील अनेक मराठी कुटुंबे खानदेशातून यंत्रमागाच्या कामासाठी सुरतेस आली. साध्या यंत्रमागाला त्याची स्वतंत्र, साधारणतः एक अश्वशक्तीची मोटर असते; ती जळाली की माग थांबतो, आणि मीटरवर मजुरी मिळविणाऱ्या कामगाराच्या घरी त्याची झळ त्याच आठवड्यात पोहोचते. मोटर का जळते, आणि ती जळू नये म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने व आपण काय केले, एवढेच मी आज सांगणार आहे. माझी सारी नोकरी मोटरी बनविण्याच्या धंद्यात गेली. तेव्हा थोडा पक्षपात श्रोत्यांनी गृहीत धरावा.

मोटरमध्ये लोखंडी पत्रे आणि तांब्याची तार हे दोन मुख्य पदार्थ. दोन्ही सहसा झिजत नाहीत. मोटरचे आयुष्य ठरते ते तारेवरील एनॅमलच्या पातळ थरावर, खाचांतील कागदावर आणि वरून दिलेल्या व्हार्निशवर. यालाच निरोधन म्हणतात. उष्णतेने ते हळूहळू ठिसूळ होते. अमेरिकन अभियंता मॉन्टसिंगर यांनी १९३० मध्ये रोहित्रांच्या निरोधनाचे आयुष्य तापमानानुसार कसे घटते हे मांडले, आणि १९४८ मध्ये डेकिन यांनी ही झीज म्हणजे एक रासायनिक अभिक्रियाच आहे, असे दाखवून दिले. व्यवहारातला ढोबळ नियम असा : तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की निरोधनाचे आयुष्य निम्मे होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या मागासाठी हा नियम किती कठोर आहे, हे येथे वेगळे सांगायला नको.

आता एक विचित्र गोष्ट पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विद्युत यंत्रांचे उत्तम निरोधन ज्या दोन पदार्थांवर उभे होते, ते अभ्रक आणि लाख, दोन्ही प्रामुख्याने आपल्याच छोटा नागपूरच्या पठारावरून जात. कोडर्म्याचे अभ्रक लाखेने चिकटवून त्याचे मायकानाइट बनविण्याचे काम परदेशी कारखान्यांत होई, आणि ते बसविलेले यंत्र आपण विकत घेत असू. रांचीजवळ नामकूम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ मध्येच स्थापन झाली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु महायुद्धाने पदार्थांची सारी गणितेच बदलली. विमानांच्या गरजेतून सिलिकोन पुढे आले. त्याच्या उत्पादनासाठी १९४३ मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली. पाठोपाठ कृत्रिम राळेची एनॅमले, पॉलिएस्टरची फिल्म आणि इपॉक्सी आले. निरोधनाचे वर्ग ठरले : ‘ए’ वर्ग १०५ अंशांपर्यंत, ‘ई’ १२०, ‘बी’ १३०, ‘एफ’ १५५ आणि ‘एच’ १८० अंशांपर्यंत. अधिक उष्णता सोसणारे निरोधन मिळाल्यामुळे तेवढ्याच शक्तीची मोटर लहान सांगाड्यात बसू लागली. अमेरिकेत सांगाड्यांची प्रमाणित मापे १९५२ आणि १९६४ मध्ये दोनदा कमी करण्यात आली. म्हणजे मोटर आकाराने घटली ती प्रामुख्याने रसायनशास्त्रामुळे. यंत्रशास्त्राला याचे श्रेय लोक उगाच देतात, असे माझे मत आहे.

आपल्याकडे याच काळात कारखाने उभे राहत होते. मुंबईत क्रॉम्प्टन पार्किन्सन वर्क्स १९३७ पासून होते. वडोदऱ्यात ज्योती १९४३ मध्ये सुरू झाली. १९४६ हे वर्ष तर विशेषच : मुंबईत भारत बिजली आणि बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक त्याच वर्षीच्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीच्या नांगरापासून निघालेली ही परंपरा, त्यांचे पुत्र रवींद्र यांच्या हातून विद्युत मोटरीपर्यंत आली. भोपाळचा सरकारी अवजड विद्युत कारखाना १९५६ मध्ये ब्रिटिश सहकार्याने स्थापन झाला. सहकार्याच्या करारातून आराखडे मिळत. पण अमुक व्हार्निश अमुक तापमानाला अमुक तासच का भाजायचे, याचे उत्तर आराखड्यात नसते. ते प्रयोगशाळेत शोधावे लागते. आपल्याकडे कारखाना आधी आला आणि प्रयोगशाळा मागाहून. बंगळुरात सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूट १९६० मध्ये स्थापन झाली, आणि आपल्या शेजारी वडोदऱ्यात उद्योजकांच्या पुढाकाराने ‘एर्डा’ ही संशोधन व चाचणी संस्था १९७४ मध्ये.

मागाची मोटर साध्या मोटरीपेक्षा अधिक सोसते. धागा तुटला की माग थांबतो, पुन्हा सुरू होतो; आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह तारेतून जातो. त्यात विद्युतदाब १० टक्के कमी असला, तर मोटरचा सुरुवातीचा जोर १९ टक्क्यांनी घटतो, कारण तो दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सर्वांत वाईट म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे. एक फ्यूज उडतो, चालू मोटर गुणगुणत फिरतच राहते, उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहतो. जाणता वाइंडर उघडलेल्या मोटरकडे पाहूनच हे ओळखतो : स्टार जोडणीत दोन फेजची वेटोळी काळी आणि तिसऱ्याची कोरी असतात, डेल्टा जोडणीत एकाच फेजची काळी पडतात. सर्वच वेटोळी सारखी करपलेली असतील, तर दोष जादा भाराचा, कमी दाबाचा किंवा कोंदलेल्या हवेचा. हे वाचन आमच्या काळी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते मी वाइंडिंग खात्यातील एका जुन्या कारागिराकडून शिकलो.

या शाळेतून बाहेर पडलेल्यांपैकी जे रिवाइंडिंगचा व्यवसाय करतात, त्यांना येथे एक विनंती. जुनी वेटोळी काढण्यासाठी स्टेटर उघड्या आगीवर जाळू नये. पत्र्यांमधील निरोधनाचा सूक्ष्म थर सुमारे ३५० अंशांपलीकडे खराब होऊ लागतो. मग नवी तार कितीही चांगली असली तरी लोखंडच तापते आणि मोटर भाराशिवायही गरम राहते. तार मूळ वर्गाचीच घ्यावी. व्हार्निश दिल्यानंतर भट्टीत पुरेसा वेळ ठेवावे. घाई येथेच होते, कारण गिऱ्हाईक दारात उभे असते. आणि मोटर परत बसविताना ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरील प्रवाहाला जुळवून घ्यावा, आणि एक फेज गेल्यास मोटर बंद करणारा रिलेही बसवावा. त्याची किंमत सहसा एका वेळच्या रिवाइंडिंगइतकीही नसते.