पाऊण तासाच्या सिलिंडरमधली साडेदहा मिनिटं

अग्निशमन जवानाच्या पाठीवरच्या, ३०० बार दाबाने भरलेल्या ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ढोबळमानाने २,०४० लिटर हवा मावते. हा ऑक्सिजन नव्हे. गाळून, सुकवून भरलेली साधी हवाच. मिनिटाला ४० लिटर धरले, तर ती ५१ मिनिटं पुरते. म्हणून हा सिलिंडर ‘पाऊण तासाचा’ मानला जातो.

पण पाठीवर दहा-अकरा किलोचा श्वसनयंत्राचा (बीए) सेट आणि हातात पाण्याने भरलेला होज घेऊन जिना चढणारा जवान मिनिटाला ८० लिटर हवाही सहज ओढतो. मग ५१ मिनिटांची पंचवीसच उरतात.

तीही सगळी कामाची नाहीत. दाब ५५ बारच्या आसपास उतरला की सेटची शिट्टी वाजू लागते. तेव्हा शिल्लक असते ३७४ लिटर हवा, म्हणजे जेमतेम साडेचार मिनिटं. ही राखीव. जिना चुकला, दार अडकलं, तर जीव वाचवण्यासाठी.

समजा, आगीपर्यंत पोहोचताना ६० बार खर्च झाले, उरले २४०. परतायला तेवढेच हवेत, वर ५५ राखीव. दाब दाखवणारा काटा ११५ वर आला की मागे फिरायचं. २४० ते ११५ म्हणजे १२५ बार, ८५० लिटर. प्रत्यक्ष आगीशी झुंजायला मिळाली साडेदहा मिनिटं. आणि आत जाणाऱ्या दोघांच्या जोडीतल्या एकाचा काटा आधी उतरला, तर दोघांनीही परतायचं.

ज्वाळा विझल्या म्हणून मास्क काढणंही घातक. धुमसणाऱ्या सामानातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे १,२०० भाग असले, तरी जिवाला तत्काळ धोका मानतात. शिवाय २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशमनाचं काम कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं.

म्हणून आपल्या महापालिकेला ‘सेट किती?’ एवढंच विचारून भागत नाही. साडेदहा मिनिटांच्या हिशोबाने एकाच ठिकाणी तासभर सलग पाणी मारायचं, तर एकामागून एक सहा जोड्या लागतात. म्हणजे १२ भरलेले सिलिंडर, आणि आत कुणी अडकलंच तर धावून जाणाऱ्या जोडीचे आणखी दोन. भरलेले सिलिंडर किती आणि रिकामे कुठे भरून मिळतात, हे प्रत्येक अर्थसंकल्पात ठणकावून विचारलं पाहिजे.