लिटल बॅले ट्रूप

आधुनिक भारतीय नृत्यनाट्याच्या क्षेत्रातील एक अग्रगण्य कलापथक. नृत्यरचनाकार शांती बर्धन (१९१६–५४) यांनी ते १९५२ मध्ये मुंबई येथे स्थापन केले. ‘रामायण’ (१९५३) व ‘पंचतंत्र’ ही या पथकाची दोन नृत्यनाट्ये विशेष गाजली. स्थापनेनंतर अवघ्या दोन वर्षांत बर्धन निवर्तले. तथापि त्यांच्या सहकाऱ्यांनी पथक अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. नृत्यरचना ही मुळात क्षणभंगुर कला. संगीताला स्वरलेखनाचा व नाटकाला संहितेचा जसा आधार असतो, तसा भारतीय नृत्यरचनेला बहुधा नसतो. ती नर्तकांच्या शरीरांतच साठविलेली असते. रचनाकार गेल्यावर त्याच्या कृती कशा टिकतात, या प्रश्नाच्या दृष्टीने या पथकातील कलावंतांचे कार्य अभ्यसनीय ठरते.

‘बॅले’ ही संज्ञा भारतात पाश्चात्त्य अर्थाने रूढ झालेली नाही. पायांच्या बोटांवर तोलून केल्या जाणाऱ्या यूरोपीय अभिजात नृत्याशी तिचा येथे संबंध नाही. अनेक नर्तकांनी मिळून, शब्दांचा अल्प वा मुळीच वापर न करता, संगीत, वेशभूषा व नेपथ्य यांच्या साहाय्याने सादर केलेली कथा, एवढाच तिचा भारतीय अर्थ होय. मराठीत तिच्यासाठी ‘नृत्यनाट्य’ ही संज्ञा वापरतात. एकल नर्तकाच्या मैफलीत गुरूची बंदिश, नर्तकाचे कौशल्य आणि साथीदारांची समज एवढ्यावर भागते. नृत्यनाट्यात मात्र कथाकार, संगीतरचनाकार, वेशभूषाकार, मुखवटे घडविणारा, प्रकाशयोजनाकार व समूहनर्तक या सर्वांचा मेळ जमावा लागतो. ही गरज भारतीय नृत्याला तुलनेने नवी होती.

महाराष्ट्रात अशा पथकाचा पहिला महत्त्वाचा प्रयोग मेनका (मूळ नाव लीला रॉय-सोखी, १८९९–१९४७) यांनी केला. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी हे त्यांचे पती. मेनकांनी कथ्थक नृत्याला कथानकाची जोड देऊन समूहनृत्ये बसविली आणि १९३६ ते १९३८ या काळात आपले पथक घेऊन यूरोपचा प्रदीर्घ दौरा केला. बर्लिन येथे १९३६ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत या पथकाचा गौरव झाला. त्यात कथ्थकसाठी रामनारायण मिश्र, तर सरोदवादनासाठी सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे कसलेले कलावंत होते. मराठी कुटुंबातील दमयंती जोशी (१९२८–२००४) या बालवयातच पथकात आल्या. पुढे त्या श्रेष्ठ कथ्थक नर्तकी म्हणून ख्यातनाम झाल्या. दौऱ्यानंतर मेनकांनी पुणे जिल्ह्यातील खंडाळा येथे ‘नृत्यालयम्’ ही संस्था काढली. तीत कथ्थक, कथकळी व मणिपुरी या शैलींचे शिक्षण एकाच छपराखाली मिळे. शिरीन वजीफदार या तेथीलच विद्यार्थिनी. मात्र पथकाची सारी भिस्त मेनकांच्या व्यक्तिमत्त्वावर होती. त्यांच्या मृत्यूनंतर शिष्या उरल्या, पथक उरले नाही.

लिटल बॅले ट्रूपची खरी वंशावळ मात्र अल्मोड्याकडे जाते. उदयशंकर (१९००–७७) यांनी हिमालयाच्या पायथ्याशी अल्मोडा येथे स्थापन केलेल्या कलाकेंद्रात शंकरन् नंबुद्री (कथकळी), कंदप्प पिळ्ळै (भरतनाट्यम्), अमुबी सिंग (मणिपुरी) आणि अल्लाउद्दीन खाँ (संगीत) हे गुरुजन एकत्र आले होते. उदयशंकरांच्या पथकातील संगीताची बाजू दीर्घकाळ विष्णुदास शिराळी यांनी सांभाळली. ‘कल्पना’ (१९४८) या उदयशंकरांच्या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच. एकाच शैलीची परंपरा राखण्याऐवजी शरीराच्या हालचालींचा मूलतः अभ्यास करावा, आशयानुसार नवी हालचाल शोधावी, अशी या केंद्राची शिकवण होती. आर्थिक अडचणींमुळे १९४४ मध्ये केंद्र बंद पडले आणि तेथील कलावंत देशभर विखुरले. त्यांतील अनेकांनी मुंबई-पुण्याची वाट धरली. गुरुदत्त हे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत नृत्यदिग्दर्शक म्हणून आले. झोहरा सैगल काही काळाने पृथ्वी थिएटर्समध्ये गेल्या. शांती बर्धन, सचिन शंकर व नरेंद्र शर्मा यांनी इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या संस्थेच्या मध्यवर्ती पथकात प्रवेश केला.

बर्धन हे मूळचे पूर्व बंगालमधील कोमिल्ला येथील. मणिपुरी नृत्याबरोबरच त्रिपुरेकडील लोकनृत्यांचाही त्यांनी अभ्यास केला होता. मुंबईत १९४३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला बंगालच्या दुष्काळाची व स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी होती. नगारा वाजविणाऱ्या माणसाचे तिचे सुप्रसिद्ध बोधचिन्ह चित्रकार चित्तप्रसाद (१९१५–७८) यांनी रेखाटले. महाराष्ट्रात अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक ज्या काळात लोकनाट्य व पोवाडा यांच्याद्वारे श्रमिकांपर्यंत जात होते, त्याच काळात अंधेरी येथे मध्यवर्ती पथकाचे कलावंत एकत्र राहून तालमी करीत. एकाच घरात राहणे, एकत्र स्वयंपाक करणे, सकाळी व्यायाम व नंतर दिवसभर तालीम अशी त्यांची दिनचर्या असे. बर्धन यांनी येथे ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ (१९४४-४५) आणि ‘इंडिया इम्मॉर्टल’ (१९४५-४६) ही नृत्यनाट्ये बसविली. अवनी दासगुप्ता हे त्यांचे संगीतातील निकटचे सहकारी होते, तर दुसऱ्या नृत्यनाट्याला तरुण सतारवादक रविशंकर यांनी संगीत दिले. ‘सारे जहाँ से अच्छा’ या गीताची आज सर्वपरिचित असलेली चालही रविशंकरांनी याच संस्थेत असताना बांधली. मध्यवर्ती पथक फार काळ टिकले नाही. त्यानंतर जवाहरलाल नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेले ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे नृत्यनाट्य बर्धन व रविशंकर यांनी उभे केले. दिल्ली येथे १९४७ मध्ये भरलेल्या आशियाई संबंध परिषदेच्या वेळी त्याचा प्रयोग झाला.

या सर्व कृतींचा विषय राष्ट्र हा होता; त्यांचा आवाका मोठा आणि त्यांतील पात्रे बव्हंशी प्रतीकात्मक होती. ‘लिटल’ हे नव्या पथकाचे नाव म्हणूनच लक्षणीय वाटते. दरम्यान बर्धन यांना क्षयाने ग्रासले होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले व पूर्वीसारखे नाचणे त्यांना अशक्य झाले. नर्तक असलेल्या रचनाकाराला स्वतः नाचून दाखविता येत नाही, ही अडचण सामान्य नव्हे. कारण आपल्याकडील नृत्यशिक्षण गुरूने करून दाखवावे व शिष्याने उचलावे, या पद्धतीचे आहे. बर्धन यांना आपली कल्पना शब्दांतून, हाताच्या इशाऱ्यांतून व रेखाटनांतून सांगून ती इतरांच्या शरीरांकडून घडवून घ्यावी लागली. परिणामी त्यांचे नर्तक अनुकरण करणारे न राहता रचनेत भर घालणारे सहकारी बनले. पत्नी गुल बर्धन (१९२८–२०१०), प्रभात गांगुली आणि वेशभूषा व मुखवटे यांची जबाबदारी घेणारे अप्पुण्णी कर्ता हे त्यांतील प्रमुख.

‘रामायण’ ही पथकाची पहिली मोठी निर्मिती. तिची कल्पना साधी पण अभिनव होती. गावच्या जत्रेत लोक जमतात, बाहुल्यांचा खेळ सुरू होतो आणि त्या बाहुल्या रामकथा सांगतात. मात्र रंगमंचावरील बाहुल्या म्हणजे प्रत्यक्षात जिवंत नर्तक असतात. मराठी प्रेक्षकाला या चौकटीत परके असे काही नव्हते. रामकथा त्याने कीर्तनातून ऐकलेली असे. भोरसारख्या संस्थानी गावातील रामनवमीचा उत्सव किंवा वेल्ह्याकडील डोंगरी गावच्या जत्रा त्याच्या अनुभवातील असत. कळसूत्री बाहुल्यांचा दृष्टांत तर मराठी संतवाङ्‌मयात जागोजागी आढळतो आणि पिंगुळी (जि. सिंधुदुर्ग) येथील ठाकर समाजाने हा खेळ परंपरेने जपला आहे. बर्धन यांच्यासमोर मुख्यतः राजस्थानी कठपुतळी होती. तिची ताठ मान, झटके देत वळणारे धड व हवेत लटकल्यासारखे पाय त्यांनी माणसाच्या शरीरात आणले.

हे तंत्र दिसते तितके सोपे नाही. अभिजात नृत्यात एक हालचाल दुसरीत विरघळते. खांद्यापासून निघालेली लय कोपर व मनगट यांतून बोटांपर्यंत वाहत जाते. बाहुलीला ही वाहती लय ठाऊक नसते. तिचा प्रत्येक सांधा स्वतंत्र हलतो आणि दोरी ढिली पडताच तो अवयव निर्जीव होऊन लोंबतो. म्हणजे नर्तकाला एका अवयवाची हालचाल करीत असताना उरलेले शरीर थोपवून धरावे लागते, व तेही तालाच्या अचूक मात्रेवर. शिवाय चौकोनी घाटाच्या मुखवट्यांमुळे मुखज अभिनयाचा मार्गच खुंटतो. भारतीय नृत्यात डोळे व भुवया हे भावदर्शनाचे प्रमुख साधन. तेच काढून घेतल्यावर सीतेचा शोक किंवा रावणाचा दर्प खांद्यांचा कल, मानेचा कोन आणि दोन पात्रांमधील अंतर यांतूनच दाखवावा लागतो. येथे कर्ता यांच्या कामाचे महत्त्व ध्यानात येते. मुखवटा व पोशाख यांच्या सरळ, कोनबद्ध रेषा हा रचनेवर चढविलेला साज नव्हता. त्या रेषांमुळेच कोणती हालचाल शोभेल व कोणती विजोड दिसेल हे ठरे. नर्तकाला मुखवटा घालूनच तालीम करणे भाग पडे. वेशभूषाकाराला नृत्यरचनाकाराच्या बरोबरीचे स्थान मिळाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

आजारपणामुळे बर्धन यांना अशी त्रोटक, तुटक हालचाल सुचली असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यात तथ्य असले, तरी ते स्पष्टीकरण अपुरे आहे. देवदेवतांच्या कथेतील अतिमानुष आशय आधुनिक प्रेक्षकासमोर भाबडेपणा न येऊ देता कसा मांडावा, हा कलेतील प्रश्न होता. बाहुलीच्या योजनेने कथा आणि प्रेक्षक यांत एक खेळकर अंतर निर्माण झाले. भक्तिभावाला धक्का न लावता विनोदालाही वाव मिळाला. वानरसेना व राक्षस यांचे प्रसंग त्यामुळे खुलतात.

‘पंचतंत्र’ या दुसऱ्या नृत्यनाट्यासाठी बर्धन यांनी कावळा, उंदीर, कासव व हरिण यांच्या मैत्रीची कथा निवडली. येथे बाहुलीचे तंत्र पुन्हा न वापरता त्यांनी प्रत्येक प्राण्याच्या चालीचा स्वतंत्र शोध घेतला. कासवाचे जडत्व, उंदराची लगबग व हरणाची सावध उडी यांची नक्कल न करता त्यांतील लय तेवढी उचलावयाची, असे या रचनेचे धोरण होते. ही रचना पूर्ण होण्यापूर्वीच सप्टेंबर १९५४ मध्ये बर्धन यांचे निधन झाले. उरलेला भाग सहकाऱ्यांनी पूर्ण करून ते रंगभूमीवर आणले. या नृत्यनाट्याचे श्रेय कोणाला, असा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे. पथकाने ते नेहमी बर्धन यांच्याच नावाने सादर केले. मात्र रचनाकाराच्या पश्चात त्याची शैली इतक्या आत्मविश्वासाने पुढे नेता येते, याचा अर्थ ती आधीच सर्वांची झालेली होती, असे मानावे लागते.

त्याच सुमारास मुंबईत इतरही पथके कार्यरत होती. सचिन शंकर यांनी आपले स्वतंत्र ‘बॅले युनिट’ उभारले. इंडियन नॅशनल थिएटरसाठी पार्वतीकुमार यांनी ‘देख तेरी बंबई’ हे महानगरी जीवनावरील नृत्यनाट्य बसविले. नरेंद्र शर्मा यांनी दिल्लीत १९७२ मध्ये ‘भूमिका’ हे पथक स्थापिले. यांपैकी बहुतेक पथकांना एका रचनाकाराचे नाव चिकटलेले आहे. लिटल बॅले ट्रूपला मात्र संस्थापकाचे नाव कधीच नव्हते.

बर्धन यांच्यानंतर पथकाची धुरा गुल बर्धन यांनी वाहिली, तर प्रभात गांगुली यांनी नव्या नृत्यरचना केल्या. नव्या नर्तकांना जुन्या भूमिका शिकविणे हे सर्वांत चिकाटीचे काम होते. राम, सीता व रावण यांच्या भूमिका पिढ्यापिढ्यांनी हस्तांतरित झाल्या. एका नर्तकाने दुसऱ्यास, मुखवट्यासह, सांधा न् सांधा समजावून देणे हेच येथील रचनालेखन होय. देशात व परदेशांतही पथकाचे असंख्य प्रयोग झाले. एकत्र राहण्याची अंधेरीतील प्रथा पथकाने पुढेही जपली. अशा सामुदायिक जीवनाला मुंबईसारख्या महागड्या शहरात जागा मिळणे कठीणच. पथकाने १९६४ मध्ये आपला मुक्काम ग्वाल्हेर येथे हलविला आणि १९८४ मध्ये ते भोपाळला गेले. तेथे ते ‘रंगश्री लिटल बॅले ट्रूप’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईत जन्मलेली ही संस्था अशा रीतीने महाराष्ट्राला दुरावली. येथील नृत्येतिहासात तिची नोंद पुरेशा ठळकपणे होत नाही, याचे हे एक कारण असावे.

गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भोपाळ येथे त्यांचे निधन झाले.