उडत्या तबकड्या : डोळ्यांनी पाहिले म्हणजे खरेच का?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आमच्या नागपुरातील वस्तीत एकच ओरड झाली, "वर पाहा, वर पाहा!" आम्ही मुलाबाळांसह गच्चीवर धावलो. जळते गोळे एकामागून एक, शेपट्या सोडत, आकाशातून संथपणे चालले होते. आम्ही छातीठोकपणे सांगून टाकले, "विमान पेटले आहे. रेल्वे लाइनच्या पलीकडेच पडणार!" दोन तरुण लगेच मोटारसायकल काढून शोधायला निघाले. त्यातल्या एकाने तर खिडक्यासुद्धा पाहिल्या होत्या. शेजारच्या भाजी विकणाऱ्या आजी मात्र एवढेच म्हणाल्या, "दिवे चालले होते बापा रांगेनं. आवाज काई नाई. बाकी मले काई दिसलं नाई."

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे भले मोठे कडे पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असे तज्ज्ञांनी सांगितले. आमची 'रेल्वे लाइनच्या पलीकडची' जागा शंभराहून अधिक किलोमीटर दूर निघाली!

परग्रहावरून आलेली तबकडी पाहिली असे सांगणारी माणसे जगभर आहेत. त्यांना खोटारडे किंवा वेडे ठरवून मोकळे होणे सोपे असते. पण वाचकहो, खरी गोष्ट त्याहून वेगळी आहे. ती समजण्यासाठी अमेरिकेतील एक प्रसंग पाहू.

३ मार्च १९६८ च्या रात्री तेथील अनेक राज्यांतील लोकांनी आकाशात असाच तेजस्वी गोळ्यांचा ताफा पाहिला. टेनेसी राज्यातील तिघांनी कळविले की, चिरूटाच्या आकाराचे एक यान हजारेक फुटांवरून गेले, त्याला चौकोनी खिडक्या होत्या आणि त्याचे पत्रे रिव्हेट मारून जोडल्यासारखे दिसत होते. या तिघांत एका शहराचे महापौर होते. इंडियानातील एका कुटुंबाला तेच यान झाडांच्या शेंड्यांवरून जाताना दिसले. ओहायोतील एका शिक्षिकेने दुर्बिणीतून तीन पालथ्या बशा पाहिल्या. या बाईंकडे चार पदव्या होत्या. आपली कुत्री घाबरून कचऱ्याच्या पिंपांमध्ये जाऊन कण्हत बसली, असेही त्यांनी लिहिले. (रात्र थंडीची होती, हे येथे लक्षात ठेवावे.)

प्रत्यक्षात काय होते? सोव्हिएत रशियाने आदल्या दिवशी सोडलेल्या 'झोंड ४' यानाच्या रॉकेटचे तुकडे वातावरणात शिरून जळत होते, तेही शंभरेक किलोमीटर उंचीवर. ना यान, ना खिडक्या, ना रिव्हेट. अमेरिकन हवाई दलाच्या पैशातून कोलोरॅडो विद्यापीठाने तबकड्यांची चौकशी केली होती. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात विल्यम हार्टमन या खगोलशास्त्रज्ञाने या साक्षी तपासल्या आहेत. कितीतरी साध्या माणसांनी 'जळते तुकडे गेले' एवढेच, आणि बरोबर, कळविले होते. पदवीने डोळे सुधारत नाहीत, हे आम्ही बी. कॉम. असूनही कबूल करतो!

मग खिडक्या आल्या कोठून? रात्री शेताच्या पलीकडून ओळीने दिवे सरकताना दिसले की आपण म्हणतो, गाडी चालली. डबे दिसलेलेच नसतात; अंधारात ते आपले मन भरते. एरवी ते बरोबरच असते, म्हणून ही सवय मोडत नाही. आकाशातल्या दिव्यांनाही मन असाच डबा जोडते आणि दिव्यांच्या खिडक्या होतात. अंतराचेही तसेच. वस्तू केवढी आहे हे ठाऊक नसेल, तर ती किती दूर आहे हे आकाशात कशावरून ठरवणार?

त्यात ऐकीव गोष्टींची भर पडते. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर फेकलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असे तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी चालीचा आकार करून टाकला आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. पुढे लोकांना तबकड्याच दिसू लागल्या.

आम्ही कारकून माणसे. फाइलमध्ये नोंद वेगळी आणि शेरा वेगळा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. 'ओळीने पाच दिवे, उत्तरेकडे गेले, आवाज नाही' ही नोंद. 'विमान होते' हा शेरा. साक्षीदार दोन्ही एका दमात सांगतो आणि ऐकणाराही तसेच लिहून घेतो, तेथे घोटाळा होतो.

तबकडीच्या बाबतीत फार तर हसे होईल. पण अंधारात पळताना दिसलेल्या माणसाबद्दल "तोच होता" असे कोणी शपथेवर सांगितले, तर एखाद्याचे पोर आत जाते. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे जे कैदी निर्दोष सुटले, त्यांच्यापैकी बहुसंख्य प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. त्यातले कितीतरी साक्षीदार मनापासून बोलत होते.

म्हणून घरातले मूल आकाशात काही पाहून धावत आले, तर त्याला गप्प करू नका. "काय होतं?" असेही लगेच विचारू नका. किती दिवे, कोणत्या दिशेला, किती वेळ, हे इतरांशी बोलण्याआधीच वहीत लिहायला सांगा. आमच्या मोटारसायकलवाल्या तरुणाला आम्ही हे फार उशिरा विचारले. खिडक्या होत्या, असे तो आजही सांगतो. किती होत्या, म्हटले तर पहिल्यांदा सहा सांगितल्या होत्या, परवा दहा सांगितल्या.