उभ्या झाडाचा भाव

लाकडी कोळशाचे पोते विकले की पैसे हातात पडतात. झाड उभे राखले तर काय मिळते? वेल्ह्याच्या डोंगरांत हा प्रश्न जुना आहे. पानशेत धरणासोबत या खोऱ्यांत रस्ते आले आणि त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारीही आले. शेतकऱ्यांची हिरड्या-आंब्याची झाडे कवडीमोलाने भट्टीत गेली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. जाळायच्या लाकडाला भाव होता. सावलीला, झऱ्याला आणि मुळांनी धरून ठेवलेल्या मातीला नव्हता.

आज ‘कार्बनची किंमत’ म्हणतात ती हा हिशेब सुधारण्यासाठी. धूर सोडणाऱ्याने नफा खिशात घालायचा आणि अवकाळीचा तोटा मात्र सर्वांनी सोसायचा, हा न्याय नव्हे. म्हणून धुरावर कर लावायचा, किंवा कारखान्यांना मर्यादा आखून द्यायची. मर्यादेच्या आत राहील त्याला प्रमाणपत्रे मिळतील, ओलांडील त्याने ती विकत घ्यावीत. भारताने अशी योजना २०२३ मध्ये अधिसूचित केली. युरोपने तर १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मालाच्या कार्बनचीही किंमत लावली आहे.

पण वसुली झाली म्हणजे न्याय झाला असे नाही. आपल्या सरकारने २०१० मध्ये दगडी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसवला; २०१६ पर्यंत तो ४०० झाला. हेतू स्वच्छ ऊर्जेचा होता, तरी रकमेचा मोठा भाग त्या निधीपर्यंत पोहोचलाच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. कोळसा महागला की विजेचे बिल वाढते, आणि त्याची झळ श्रीमंतापेक्षा गरिबाला जास्त बसते.

जकातीचा विचार येथे उपयोगी पडतो. ती कोणी द्यायची एवढेच नव्हे, तर कोणाला द्यायची हेही ठरलेले आहे. कुरआनने आठ हक्कदार सांगितले आहेत. कार्बनच्या पैशाचे हक्कदारही असेच आधी ठरायला हवेत. डोंगर राखणारी आणि सरपणासाठी पायपीट करणारी कुटुंबे त्यांत पहिली असावीत, असे आम्हाला वाटते.

शेतकऱ्यांच्या झाडांवर ‘कार्बन क्रेडिट’ देण्याचे करारही देशात होऊ लागले आहेत. असा कागद दारी आला तर सही करण्यापूर्वी विचारा: करार किती वर्षांचा? विक्रीतला आपला वाटा किती? वणव्यात झाडे जळाली तर भरपाई कोणाची? गवत आणि सरपण घेता येईल का? सातबाऱ्यावरील सर्वांची, बहिणींचीही, संमती आहे का? संदिग्ध सौदा शरीअतने निषिद्ध ठरवला आहे, तो दुबळ्याची फसवणूक टळावी म्हणूनच.

झाड लावणे हा सदका आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. राखलेल्या झाडाचा हक्क मागणे हेही त्यांना शिकवायला हवे.