गुरूचा वियोग आणि पडद्यावरील शोकसभा

मृत्यू ही व्यक्तीच्या जीवनातील घटना असली, तरी शोक ही समाजाची कृती आहे. म्हणूनच प्रत्येक समाजाने शोकाला काही ठरावीक रूप दिलेले आढळते. महाराष्ट्रात मृताच्या घरी सांत्वनासाठी जाण्याची रीत आहे. भेटीस येणारा फारसे बोलत नाही. थोडा वेळ बसतो आणि उठतो. त्याच्या शब्दांपेक्षा त्याचे येणे महत्त्वाचे मानले जाते. सार्वजनिक जीवनात हेच कार्य शोकसभा करते. हार घातलेली प्रतिमा, सहकाऱ्यांची भाषणे, ठराव आणि शेवटी उभे राहून पाळलेली दोन मिनिटांची शांतता, असा तिचा क्रम असतो. या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत असते. ते म्हणजे शोक करणारे देहाने एकत्र आलेले आहेत. हे गृहीतच नाहीसे झाले तर काय होते, असा प्रश्न २०२० साली भारतातील असंख्य लोकांपुढे उभा राहिला. दिल्लीतील एका थोर नाट्यशिक्षकाच्या निधनाच्या संदर्भात तो विशेष तीव्रतेने जाणवतो.

इब्राहिम अल्काझी यांचे ४ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत वयाच्या ९४ व्या वर्षी निधन झाले. तो करोना महासाथीचा काळ होता. नाट्यगृहे बंद होती, रेल्वेगाड्या नियमितपणे धावत नव्हत्या आणि अंत्यविधीस वीसपेक्षा अधिक माणसांनी जमू नये असा नियम होता. इतर वेळी ज्या गुरूच्या अंत्यदर्शनासाठी मंडी हाउसचा परिसर भरून गेला असता, त्याला मोजक्या माणसांच्या उपस्थितीत निरोप द्यावा लागला. मुंबई, चंडीगड, इंफाळ आणि अन्यत्र विखुरलेल्या शिष्यांना दिल्ली गाठणे कठीण होते. त्यामुळे त्यांच्या शोकाचा फार मोठा भाग लेखांतून, समाजमाध्यमांवरील मजकुरांतून आणि संगणकाच्या अथवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरूनच व्यक्त झाला.

अल्काझी यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९२५ रोजी पुण्यात एका अरब व्यापारी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण पुण्यात घेतल्यानंतर ते मुंबईस गेले आणि पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांनी मुंबईत नाट्यप्रयोगांबरोबरच नाट्यशिक्षणाचेही काम आरंभिले. विजया मेहता यांनी त्यांच्याकडेच रंगभूमीचे धडे घेतले. मराठी प्रायोगिक नाटकाच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व मोठे आहे. १९६२ साली अल्काझी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले आणि १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले.

या पंधरा वर्षांत त्यांनी विद्यालयाला जे वळण लावले, त्याचे सार 'उपस्थिती' या एका शब्दात सांगता येईल. वेळेवर येणे, रंगमंच स्वच्छ ठेवणे, प्रकाशयोजनेपासून वेशभूषेपर्यंत प्रत्येक अंगाचा अभ्यास करणे, आणि अभिनय न करणाऱ्यानेही संपूर्ण प्रयोगाची जबाबदारी मानणे, हे सर्व शिक्षणाचेच भाग होते. रवींद्र भवनाच्या आवारात त्यांनी 'मेघदूत' हे खुले नाट्यगृह उभे केले. १९६३ साली फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत त्यांनी धर्मवीर भारती यांचे 'अंधा युग' सादर केले, तर सत्तरच्या दशकात पुराना किल्ल्यात 'तुघलक'चा भव्य प्रयोग केला. 'अंधा युग' हे मुळात महायुद्धानंतरच्या शोकाचेच नाटक आहे. ते पडक्या भिंतींच्या सान्निध्यात, उघड्या आकाशाखाली पाहावे, यामागे एक निश्चित विचार होता. प्रेक्षक, नट आणि स्थळ ही तिन्ही एकाच क्षणी एकत्र असल्याखेरीज नाटक घडत नाही, असा तो विचार होय.

अशा शिक्षकाचा शोक पडद्यावर करावा लागावा, यात मोठा विरोधाभास आहे. तो समजून घेण्यासाठी पडद्यावरील सभेचे स्वरूप पाहिले पाहिजे. अशा सभेत प्रत्येक माणूस एका लहान चौकटीत दिसतो. ज्येष्ठ शिष्य आणि नवखा विद्यार्थी यांच्या चौकटी सारख्याच आकाराच्या असतात. एका वेळी एकच आवाज स्पष्ट ऐकू येत असल्याने बाकीच्यांचे ध्वनिग्राहक बंद ठेवावे लागतात. परिणामी सभागृहातील हुंदके, निःश्वास आणि कुजबुज लोप पावतात. दोन मिनिटांची शांततादेखील तेथे निराळी होते. सभागृहात ती शंभर माणसे मिळून निर्माण करतात. पडद्यावर ती प्रत्येकाच्या खोलीत एकेकटी असते. सभा संपताच चौकटी मिटतात. दाराशी थांबून एकमेकांचा हात धरण्याची, गुरूची एखादी आठवण सांगता सांगता हसू येण्याची संधी उरत नाही.

तथापि या पद्धतीचे लाभही नाकारता येणार नाहीत. अंतर, वार्धक्य अथवा आजार यांमुळे जे एरवी येऊ शकले नसते, तेही सहभागी होतात. भाषणांचे ध्वनिचित्रमुद्रण जतन करता येते. शिवाय, ज्यांचे नातेच पडद्यावर जुळले, त्यांच्यासाठी तर पडदा हेच खरे शोकस्थळ ठरते. नॉर्वेतील मॅट्स स्टेन या स्नायुविकाराने ग्रस्त तरुणाचे २०१४ साली वयाच्या २५ व्या वर्षी निधन झाले. संगणकावरील एका खेळाच्या काल्पनिक जगात त्याला किती मित्र होते, हे त्याच्या आईवडिलांना त्यानंतरच कळले. देशोदेशींहून शोकसंदेश आले, काही मित्र अंत्यविधीस प्रत्यक्ष आले, आणि त्या काल्पनिक जगातही त्याची स्मृती जपली गेली.

या दोन उदाहरणांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. स्टेनच्या मित्रांनी शोक केला, तो त्यांच्या मैत्रीच्या मूळ भूमीवर. अल्काझींच्या शिष्यांचे नाते मात्र तालमीच्या दालनात, घामाने आणि प्रत्यक्ष सहवासाने घडले होते. त्यांच्यासाठी पडदा ही नाइलाजाने पत्करलेली सोय होती. तेव्हा शोकाचे यशापयश साधनावर अवलंबून नसून, मूळ नाते कोठे आणि कसे घडले यावर अवलंबून असते, असे म्हणता येईल. जे नाते देहाच्या सहवासात घडले, त्याचा शोक पडद्यावर आरंभता येतो. पुरता करता येत नाही.

हा अपुरेपणा केवळ थोरांच्या वाट्यास आला नाही. एप्रिल-मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत दिल्ली विद्यापीठातील अनेक प्राध्यापक आणि राजधानीच्या परिसरातील अनेक शालेय शिक्षक दगावले. वर्षभर त्यांना पडद्यावरच पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या मृत्यूची वार्ताही त्याच पडद्यावर कळली. त्या मुलांचे शिक्षकांशी असलेले नाते अर्धे वर्गातले, अर्धे पडद्यावरचे होते. त्यांच्या शोकाला प्रचलित रीतींपैकी एकही पुरी पडणारी नव्हती.

मग अपुरा राहिलेला शोक कोठे जातो? गुरूच्या बाबतीत याचे उत्तर परंपरेने दिलेले आहे. पित्याचे ऋण श्राद्धाने फिटते, गुरूचे अध्यापनाने, अशी आपल्याकडील धारणा आहे. अल्काझींचे शिष्य रतन थिय्याम यांनी १९७६ साली इंफाळमध्ये कोरस रेपर्टरी थिएटर स्थापन केले आणि अनेक तरुणांना घडविले. २०२५ साली तेही निवर्तले. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी दिल्लीतील शिक्षण घेऊन मराठी रंगभूमीवर परतल्या. अल्काझींच्या कन्या अमाल अल्लाना यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २०२४ साली प्रसिद्ध झाले. सभा भरो वा न भरो, एखाद्या गावातील तालमीस नट वेळेआधी येऊन रंगमंच झाडू लागतो, तेव्हा त्या शिक्षकाचे स्मरण घडतच असते, मग त्या नटाला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो.